हल्ली मुक्काम सुरत

सुरतच्या गोडादऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. तिच्या वरच्या खोलीत वर्ष-सव्वा वर्ष एक दवाखाना चालला. तिथे डॉक्टर बसत नसत. एक टेबल, भिंतीवर मोठा पडदा, त्याच्या डोक्यावर कॅमेरा, बीपी मोजायचं यंत्र, एक सिस्टर आणि मी, एवढंच तिथे होतं. डॉक्टर पडद्यावर येत. सरकारी अनुदान होतं आणि चालवायला एक संस्था होती. जिथे डॉक्टर पोहोचत नाहीत अशा वस्तीसाठी हा पैसा आहे, असं आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. गल्लीतले लोक त्याला ‘टीव्हीना दवाखाना’ म्हणत.

मी सकाळी कॉलेजला जायचे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिलीच. दुपारी एक ते पाच मी केंद्रावर असायचे. माझी कामं दोन होती. आलेल्या माणसाची माहिती टॅबमध्ये भरायची, आणि डॉक्टर गुजरातीत किंवा हिंदीत जे विचारतील ते अहिराणीत समजावून सांगायचं. आमच्या भागात निम्मे लोक धुळे-नंदुरबार-जळगावकडचे. त्यांना हिंदी येतं, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, शेठशी बोलण्यापुरतं येतं. पण पोटात कसं दुखतं ते हिंदीत सांगता येत नाही. कळ येते, मुरडा येतो, आग होते, हे सगळं हिंदीत गेलं की नुसतं ‘दर्द’ होतं.

पहिले काही आठवडे गमतीचे होते. बायका पडद्यासमोर बसण्याआधी डोक्यावरून पदर घ्यायच्या. एक आजोबा पाय धुऊन, चपला काढून आले आणि मला हळूच म्हणाले, “डॉक्टरले मना पाय दिसतस का?” मी म्हटलं, नाही दिसत. तर ते म्हणाले, “मंग धुई उनू ते वायाच गयं.” सिस्टरला अहिराणी कळत नव्हती, पण तीही हसली. ती गुजराती होती, वयाने आईएवढी, आणि मला ‘दीकरा’, म्हणजे बाळा, म्हणायची. खाली गिरणी सुरू झाली की पडदा थरथरायचा आणि डॉक्टर विचारायचे, तिथे भूकंप होतोय का.

मी केंद्रावर लागले त्याला एक कारण होतं. ते कारण माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणतो.

दादा लूमवर कारीगर आहेत. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. बारा तासांची पाळी असते. एका आठवड्याला दिवस, दुसऱ्या आठवड्याला रात्र. दोन कारीगर मिळून त्याच मशिनी सांभाळतात. एक सुटला की दुसरा उभा राहतो. दादांचा जोडीदार आमच्याच साक्री तालुक्यातला आहे. त्यानेच एका सकाळी पाळी बदलायच्या वेळी दादांना रिक्षातून घरी आणलं होतं. दादा खाली पडले होते, हातपाय झाडत होते, तोंडाला फेस आला होता. जोडीदाराने मशिन बंद केली, त्यांना कापडाच्या ताक्यांवर निजवलं आणि शेठला सांगितलं की उपाशीपोटी चक्कर आली. दादाही घरी तेच म्हणाले. “माले काय व्हयनं नही. जराशी चक्कर उनी.”

ती चक्कर नव्हती. पुढच्या तीन महिन्यांत तीनदा आली. लूमवर फिट येणाऱ्या माणसाला कोणी उभं करत नाही, आणि करूही नये, हे मला आता कळतं. पण दादांना दुसरं काम येत नाही. त्यामुळे ते घराबाहेर कोणाला कळता कामा नये, असं आमच्या घरात न बोलता ठरलं.

केंद्रावर दर पंधरा दिवसांनी गुरुवारी दुपारी फिटच्या आजाराच्या तज्ज्ञ डॉक्टर पडद्यावर येत. त्या कुठल्या शहरातून बोलत ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. त्यांच्या मागे एक हिरवा पडदा आणि भिंतीवरचं घड्याळ दिसायचं. दादांना तिथे आणायला मला दीड महिना लागला. ते आले तेव्हा रात्रपाळी करून झोपून उठले होते, डोळे लाल होते.

मी त्या दिवशी त्यांची मुलगी म्हणून बसू की कामाला असलेली म्हणून, हे मला कळत नव्हतं. डॉक्टरांनी एकेक प्रश्न विचारला. कधी येते, किती वेळ राहते, आधी काही कळतं का. मी विचारत गेले आणि दादा सांगत गेले. मग डॉक्टरांनी विचारलं, फिट येते तेव्हा कपड्यांत लघवी होते का.

ते मी दादांना विचारू शकले नाही. डॉक्टरांना वाटलं आवाज गेला. त्यांनी पुन्हा विचारलं. दादांना हिंदी तेवढं समजतं. ते खिडकीकडे बघायला लागले. सिस्टरने माझ्याकडे बघितलं आणि तिने स्वतः विचारलं, हिंदीत, घरातल्या माणसाला विचारावं तसं. दादा खिडकीकडेच बघत म्हणाले, “तिले सांग, नही.”

मी ‘नाही’ म्हणून सांगितलं. घरी गेल्यावर आईने हळू आवाजात सांगितलं की होते, दोनदा झाली होती, तिने चादर धुतली होती. पंधरा दिवसांनी दादा यायच्या आधीच मी डॉक्टरांना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं केलंस. माझ्याबद्दल कोणी शिकलेलं माणूस चांगलं बोललं की मी ते कितीतरी दिवस मनात ठेवते. ते वाक्यही ठेवलं.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली. एकदम जास्त देता येत नाही, हळूहळू वाढवत योग्य मात्रेपर्यंत जायचं, मध्ये झोप किती येते, चालताना तोल जातो का ते बघायचं, रक्त तपासायचं, असं त्यांनी समजावलं. आणि दोन गोष्टी सांगितल्या. मशिनीजवळ काम नको. रात्रपाळी तर नकोच, जागरणाने फिट येते.

दादा हसले. “मशिनीजोडे नही ते मंग काय करू? आणि रातपाळी बंद करी, ते शेठ मालेच बंद करी.”

मी डॉक्टरांना एवढंच सांगितलं की मशिनीचं जमणार नाही, रात्रपाळीचं बघतो. त्या म्हणाल्या, निदान तेवढं बघा.

रात्रपाळीचं जोडीदाराने बघितलं. तो एका संध्याकाळी घरी आला, आईच्या हातचा चहा प्यायला आणि म्हणाला, “डॉक्टर गोळी बसाडी देवो, तवलोंग रात मी करस.” म्हणजे गोळीची मात्रा ठरेपर्यंत सगळ्या रात्री तो करेल, दादांनी दिवसच करायचा. शेठला त्यांनी सांगितलं की आपसात ठरवलंय. आई म्हणाली, तुम्हना उपकार फिटावू नहीत. तो म्हणाला, “वहिनी, उपकार काय करतस. मना घरम्हान चार पोरं शेत, रातले झोप कोठे लागस. खातंवरच बरं शे.” त्याचं हे खोटं होतं. त्याला रात्रपाळी अजिबात झेपत नव्हती, हे दादांनीच नंतर सांगितलं.

पाच महिने दादांना एकदाच फिट आली, तीही लहान. डॉक्टर म्हणाल्या, आपण जवळ आलो आहोत. एक गोळी चालू आहे, ती दीड करायची की नाही ते रक्ताचा रिपोर्ट बघून पुढच्या वेळी सांगते.

ती पुढची वेळ आली नाही. आणि ती का आली नाही, त्यात माझा हात आहे. ते मला इथे सांगायचं आहे.

टॅबमध्ये माहिती भरताना पहिल्यांदा आधार कार्डाचा नंबर भरायचा. मग कायमचा पत्ता. त्याखाली सध्याचा पत्ता, आणि त्याच्या शेजारी एक छोटा चौकोन: ‘वरीलप्रमाणे’. चौकोनावर बोट ठेवलं की वरचा पत्ता खाली आपोआप यायचा.

आमच्या लोकांची कार्डं गावाकडची असतात. इथे वीस वर्षं झाली तरी कोणी कार्ड बदलत नाही. गावाकडे म्हाताऱ्यांचं रेशन त्याच पत्त्यावर असतं, मतदार यादीत नाव तिथे असतं. कार्ड सुरतला आणलं म्हणजे गाव सोडलं, असं मानतात. आणलेल्या माणसाबद्दल लग्नाकार्यात बोलतात. सुरुवातीला मी प्रत्येकाला विचारायचे, इथला पत्ता सांगा. एक बाई म्हणाली, “आमनं गाव साक्री. आठे काय, आठे ते खोली शे.” इथे काय, इथे तर नुसती खोली आहे. पुरुष अडखळायचे. खोल्या भाड्याच्या, लेखी काहीच नाही, आणि घरमालकाने बजावलेलं असतं की माझा पत्ता कुठे द्यायचा नाही, उद्या वेरावाले माझ्या दारात येतील. वेरा म्हणजे महापालिकेचा घरकर. काही खोल्यांत आठ-आठ जण पाळीपाळीने झोपतात, त्यांना घरनंबर माहीतही नसतो. मागे जिन्यावर रांग असायची. सिस्टर म्हणायची, दीकरा, जल्दी.

मग मी विचारणं सोडलं. कार्डावर आहे तेच खरं, असं मला वाटलं. कॉलेजात फॉर्म भरताना मला तेच शिकवलं होतं, कागदाप्रमाणे भरा, मनाचं काही लिहू नका. मी प्रत्येकासाठी त्या चौकोनावर बोट ठेवत गेले. दादांचीही माहिती मीच भरली. ज्या घरात मी त्यांच्याबरोबर राहते, ज्याच्या खिडकीतून केंद्राचा जिना दिसतो, ते घर सोडून मी त्यांचा सध्याचा पत्ता मुक्काम पोस्ट अमुक, तालुका साक्री, जिल्हा धुळे असा भरला. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलंसुद्धा नाही.

वर्ष संपल्यावर अनुदानाच्या कार्यालयातून एक साहेब तपासणीला आले. संस्थेचे साहेबही बरोबर होते. तपासणीचे साहेब रागावणारे नव्हते. त्यांनी पाणी मागितलं, पंख्याखाली बसले आणि एक छापील यादी टेबलावर ठेवली. म्हणाले, “तुमचे बहुतेक पेशंट तर दुसऱ्या राज्यातले आहेत. हा पैसा या वॉर्डातल्या लोकांसाठी आहे.” ते हिंदीत बोलत होते, मला आठवतं तसं मी लिहिते आहे.

संस्थेच्या साहेबांनी यादी हातात घेतली. पानं उलटली. प्रत्येक पानावर साक्री, शिरपूर, पारोळा, अमळनेर. या वॉर्डातली म्हणून ज्या नावांची नोंद होती ती एका पानातही मावली असती.

मी म्हटलं, हे सगळे इथेच राहतात.

“कागदावर?” तपासणीचे साहेब म्हणाले.

“जिन्यावर बसलेत बघा.”

त्यांनी दाराकडे बघितलं. जिन्यावर खरंच सात-आठ माणसं बसली होती. ते म्हणाले, “बेटा, मी जिना जोडून पाठवू शकत नाही.” त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाईट वाटत असावं. मी सांगितलं की ही चूक माझी आहे, मी पत्ते असे भरले. तेव्हा सिस्टर मध्ये पडली, “साहेब, ए तो छोकरी छे.” मला वाचवायला म्हणाली. पण ते ऐकून मला जास्त लाज वाटली.

मी विचारलं, मी आता दुरुस्त करू का, रात्रंदिवस बसून करते. संस्थेचे साहेब म्हणाले, “हवे न थाय.” आता होणार नाही. वर्ष संपलं की माहिती बंद होते, उघडत नाही, आणि या माहितीवर पुढचं अनुदान मिळणार नाही. एक मार्ग असू शकतो, ते म्हणाले. लोक इथे राहतात याचा काही पुरावा जोडून अर्ज केला तर पुनर्विचार होऊ शकतो. पंधरा दिवसांत.

मी गल्लीत फिरले. कॉलेज बुडवलं. पुरावा म्हणजे काय ते लोकांना समजावत राहिले. लाइटबिल घरमालकाच्या नावावर. भाडेकरार नाही. खात्यावर पगाराची चिठ्ठी नाही. मी घरमालकांकडे गेले, त्यांनी मला चहा दिला आणि सही दिली नाही. काही लोक पुरावा म्हणून पुन्हा गावचं कार्डच घेऊन आले, आणि मी ते हातात घेऊन बघायचे आणि परत द्यायचे.

मग शेजारच्या काकूने ट्रंकेतून एक लग्नपत्रिका काढली. तिच्या दिराच्या लग्नाची होती. आमच्याकडे पत्रिकेवर आधी गाव छापतात आणि त्याखाली ‘हल्ली मुक्काम सुरत’. कोणत्या भागात, कोणत्या सोसायटीत, घरनंबरसकट, कारण गावाकडच्या पाहुण्यांना आहेर द्यायला यायचं असतं. काकू म्हणाली, “दख, छापेल शे. छापेल खोटं नही ऱ्हास.”

मला तेव्हा किती आनंद झाला ते आता सांगायला संकोच वाटतो. घरोघरी पत्रिका निघाल्या. देव्हाऱ्यामागे ठेवलेल्या, हळदकुंकू लागलेल्या, गणपतीचं चित्र असलेल्या. बारशाच्या, साखरपुड्याच्या, दहाव्याच्या निरोपाच्याही. माणसं हसत हसत देत होती. एकाने विचारलं, “सरकार आते आहेर लई येवाव शे का?” मी प्रत्येक पत्रिकेला पेशंटच्या नावाची चिठ्ठी टाचणीने लावली. आमच्या घरातली पत्रिका आत्याच्या लग्नाची होती, दादांचं नाव निमंत्रकांत, खाली आमचा गोडादऱ्याचा पत्ता.

कार्यालयात मला दीड तास बसवलं. मग खिडकीतल्या बाईंनी पिशवी उघडली. एक पत्रिका काढली, दुसरी काढली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दाखवली. म्हणाल्या, “बेन, आ तो कंकोत्री छे.”

मी म्हटलं, हो, पण पत्ता बघा. त्यांनी बघितला. त्या म्हणाल्या की या यादीत जी कागदपत्रं चालतात त्यात लग्नपत्रिका नाही. मी म्हटलं, या लोकांकडे दुसरं काही नाही. त्या म्हणाल्या, हो, समजतं. आणि पिशवी खिडकीतून परत माझ्याकडे सरकवली. अर्ज मात्र ठेवून घेतला. त्यावर शिक्का मारून दिला, आवक क्रमांक टाकला. त्याचं उत्तर आलेलं नाही.

महिनाअखेर दोन माणसं आली आणि पडदा भिंतीवरून काढून घेऊन गेली. भिंतीला चार भोकं राहिली. सिस्टरची बदली शहराबाहेर सचिन भागातल्या केंद्रावर झाली. जाताना तिने मला डॉक्टरांचा नंबर द्यायचा प्रयत्न केला, पण तिच्याकडेही केंद्राचाच नंबर होता, आणि तो आता लागत नव्हता.

दादांना मी घरी सगळं सांगितलं. चौकोनाचंही सांगितलं. मला वाटत होतं ते रागावतील, आणि ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “कार्ड ते गावनंच शे. तू कोठे खोटं लिखं?” आई स्वयंपाक करत होती, तिने मान वर केली नाही.

आम्ही मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. सकाळी सहाला घरातून निघालो, दादांचा खाडा पडला. खिडकीवर केसपेपर, मग एक खोली, मग दुसरी खोली, मग कळलं की फिटचा विभाग ठराविक वारीच असतो आणि तो वार आज नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. दुपारी दोनला एका तरुण डॉक्टरांनी बघितलं. त्यांच्यासमोर कितीतरी लोक उभे होते. ते चांगले होते, घामाघूम झालेले होते. मी त्यांना रक्ताचा रिपोर्ट दाखवला, म्हटलं, आधीच्या डॉक्टर मात्रा वाढवणार होत्या. त्यांनी विचारलं, त्यांनी तसं लिहून दिलं आहे का. मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगते म्हणाल्या होत्या. त्यांनी जुन्या कागदावरची गोळी जशीच्या तशी लिहिली, एक, रोज दोन वेळा, आणि म्हणाले की तीन महिन्यांनी मोठ्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनीही मनाचं काही लिहिलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही लिहिलं नसतं.

मागच्या रविवारी जोडीदार आला. चहा घेतला नाही. म्हणाला की आता त्याला रात्री होत नाहीत, दोनदा त्याचा हात मशिनीत जाता जाता राहिला. त्याचे डोळे खोल गेले होते. दादा म्हणाले, तू कितलं करशी, आते मी करस. दोघं थोडा वेळ गावाकडच्या पावसाबद्दल बोलले.

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला दादा रात्रपाळीला निघाले. आईने डबा भरला. मी गोळ्यांचं पाकीट आणि पाणी पुढे ठेवलं. दादांनी एक गोळी हातात घेतली आणि तशीच धरून बसले. मग माझ्याकडे बघून विचारलं, “तू शिकेल शे ना. तू सांग. एक लेऊ का दीड?”

डॉक्टरांचं अर्धवट राहिलेलं वाक्य माझ्या डोक्यात होतं. रिपोर्टवरचे आकडे मला पाठ होते आणि त्यांचा अर्थ मला माहीत नव्हता. मी दीड म्हणाले आणि त्यांना मशिनीवर झोप आली तर. एक म्हणाले आणि तेवढी पुरली नाही तर. आईही माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, “कागदावर एक लिहिलंय, दादा.”

“मंग एक,” ते म्हणाले. गोळी घेतली, डबा उचलला आणि जिना उतरून गेले.